रविवार साडेअकराचा धवला

"डिश गच्चीवर लावता येणार नाही," असं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सलिल सर मला तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा रविवारचे सव्वादहा वाजलेले. साडेअकराला माझी सासू टीव्हीवर येणार होती, आणि माझ्या टीव्हीवर नुसती चौकोनी ठिगळं नाचत होती.

"टॉवरचा लुक जातो, मॅडम. एकाला दिली की सगळे मागतात."

लुक म्हणे! बाळकुमचा हा चौदा मजल्यांचा टॉवर जिथे उभा आहे ना, तिथे आमचं भात लागायचं. मी स्वतः लग्न होऊन आले त्या वर्षी तिथे गुडघाभर चिखलात आवणी केलेली आहे. आणि आता हा काल राहायला आलेला माणूस मला दोन फुटांच्या छत्रीची परवानगी देणार! पण तोंडाशी आलेलं सगळं गिळलं आणि हात जोडले. मी भाजीवाल्यासमोर कधी नमत नाही, त्या दिवशी लिफ्टच्या दारात हात जोडून उभी होते.

"सोमवारी अर्ज द्या, कमिटीपुढे ठेवतो," ते म्हणाले.

"सोमवारी काय त्या डिशमध्ये भात शिजवू?" मी म्हटलं. लिफ्टचं दार बंद झालं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या कार्यक्रमाचं. सांगते.

माझी सासू मनुबाई, आम्ही तिला आय म्हणतो, गावातली शेवटची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजी येतो तो नंतर. आधी धवलारीण येते. ती धवले गाते, देवांना बोलावते, आणि मग त्या घरात होऊन गेलेल्या बायकांना एकेक नाव घेऊन मांडवात बोलावते. मेलेल्या सुना, सासवा, त्यांच्या सासवा. सातबाऱ्यावर बघा, सगळे पुरुष. अमुकचा बाप तमुक. बायकांची नावं कुठल्या तलाठ्याने लिहिलीत? ती फक्त आयच्या तोंडात होती.

आणि ते तोंड गेलं. तीन महिन्यांपूर्वी सकाळी चहा घेताना बशी पडली, आणि उजवा हात, उजवा पाय, वाचा, सगळं एकदम. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, फक्त बोलता येणार नाही. आणि आता माझ्या मेघालीचं लग्न बारा दिवसांवर आलेलं. धवलारीण दुसऱ्या गावातून आणू, ती देवांना बोलावेल. पण आमच्या बायकांना कोण बोलावणार? नातीच्या मांडवात त्या आल्याच नाहीत तर? आयला हेच खात होतं. रात्रंदिवस डाव्या हाताने पलंगाची कड बडवायची. जेवण तोंडात घेऊन बसायची, गिळायची नाही. अंगावर हाडं राहिलेली.

रेकॉर्ड का नाही केलंत, असं प्रत्येक जण विचारतो. विचारा ना आयला! मोबाइल काढला की ती गाणं बंद करायची. एकदा मेघालीने घरी बसल्या बसल्या म्हण म्हटलं, तर केवढी उखडली. "लग्नाबिगर धवला तोंडातून काराचा नाय गो. मेलेल्यांना हाक मारताव, त्या येतान. मंग त्यांना बसवाचं कुठं? मांडव नाय, पाट नाय." शिकायचं तर मांडवातच, तिच्या मागे बसून, ओळीमागे ओळ म्हणून. मला किती वेळा म्हणाली, दक्षता, बस माझ्या मागं. मी बसले नाही. मला लाज वाटायची, खरं सांगते. मला साडी नेसून फोटोत उभं राहायचं असायचं. आता तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

एकदाच कॅमेरा चालला. गेल्या हिवाळ्यात खडवलीला आमच्या चुलत दिराच्या मुलीचं लग्न होतं. कूळ एक, त्यामुळे मांडवात बोलवायच्या बायकाही त्याच. एका सरकारी मराठी चॅनेलची प्राची नावाची मुलगी तिथे आलेली. तीन दिवस आयच्या पायाशी बसून तांदूळ निवडले तिने, तेव्हा कुठे आय हो म्हणाली. खरं लग्न, खरा मांडव, म्हणून हो म्हणाली. तो कार्यक्रम आत्ता लागणार होता. मी प्राचीला फोन केला, बाई, मला नुसतं शूटिंग दे. ती म्हणाली, काकू, ते पुसून डिस्क परत वापरतात, आणि मी ती नोकरी सोडली. कार्यक्रम एकदाच लागेल. जे काही असेल ते त्यात.

आमच्या टॉवरमध्ये केबल नाही. सगळे इंटरनेटवर बघतात, आणि ते चॅनेल त्यात नव्हतं. म्हणून सेट-टॉप बॉक्स. वर्तकनगरच्या चकचकीत दुकानात गेले तर तिथला माणूस म्हणाला, आता कोण बॉक्स घेतं, मॅडम, स्मार्ट टीव्ही घ्या. मी तिथून निघाले ती थेट कल्याण. स्टेशनबाहेरच्या गल्लीत मयूर म्हणून एक जण आहे, टीव्ही दुरुस्त करतो, डिश विकतो, दुकान एवढंसं, वायरींनी भरलेलं. त्याने मला आधी विचारलं, "काकी, बघायचंय की ठेवायचंय?"

दोन दुकानांत पहिला शहाणा प्रश्न.

"ठेवायचंय. कायमचं."

त्याने तीन बॉक्स काढले. पहिला स्वस्तातला. त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत एचडी लिहिलेलं, पण रेकॉर्डिंग नाही. दुसरा कंपनीचा. रेकॉर्डिंग होतं, पण ते त्याच बॉक्सवर दिसणार. बॉक्स बिघडून बदलून आला की गेलं सगळं. "लोक रडत येतात माझ्याकडे," मयूर म्हणाला. "पोराचा टीव्हीवरचा नाच होता, आजोबांची मुलाखत होती. बॉक्स कंपनीने नेला, आत काय होतं ते कुणी विचारत नाही." तिसरा काळा, जडसर. मागे दोन भोकं, एक डिशच्या वायरचं, एक अँटेनाच्या. पुढे पेन ड्राइव्ह लागतो. जे रेकॉर्ड होईल ते तुमचं, कुठेही लावा.

"दोन वायरी कशाला?"

"एक गेली तर दुसरी. अँटेनावर साधं चित्र येतं, हवेतनं, मुंबईच्या टॉवरवरनं. डिशवर तेच चॅनेल एचडीत येतं."

"मला एचडी काय करायचंय? मला गाणं ऐकायचंय. चित्र नसलं तरी चालेल."

"घ्या तर खरं. तुमची खिडकी कुठल्या बाजूला?"

"उत्तरेला. चारही फ्लॅट उत्तरेला."

त्याने कपाळाला हात लावला. "उपग्रह आग्नेयेला आहे, काकी."

झालं! हे आमच्या सासऱ्यांचं काम. जमीन दिली तेव्हा बिल्डर म्हणाला, कुठलेही चार फ्लॅट घ्या. दुसरा कोणी असता तर पूर्वेचं ऊन बघून, मोठा हॉल बघून घेतले असते. हा माणूस बिल्डरच्या ऑफिसात छाती काढून म्हणाला, "मना खारी दिसली पायजे." खाडी! जिथे त्यांचे बापजादे मिठागरात पाय कुजवून मेले, ती दिसली पाहिजे. तर चारही फ्लॅट खाडीकडे तोंड करून, आणि उपग्रह पाठीमागे. मयूर म्हणाला, अँटेना बाल्कनीत बांधून बघा. नाहीच जमलं तर डिश गच्चीवर. वायर तीस मीटर दिली.

शनिवारी अँटेना बांधली. संध्याकाळी चित्र आलं, मी देवापुढे साखर ठेवली. रविवारी सकाळी नऊला लावलं तर तुकडे. माणसं अर्धी, आवाज मध्येच गुळणी केल्यासारखा. माझा नवरा भावेश अँटेना हातात घेऊन बाल्कनीत इकडून तिकडे. तो कठड्याला टेकला की चित्र यायचं, सोडला की जायचं. तासभर असा उभा राहीन म्हणाला. मग ते टेकूनसुद्धा येईना. खडवलीवाल्यांना सांगून ठेवलेलं, तुमच्या टीव्हीवरून मोबाइलवर काढा. फोन केला तर म्हणे, वहिनी, पहाटेपासून लाइट नाही.

म्हणून मी सेक्रेटरीकडे गेले. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

लिफ्टचं दार बंद झालं आणि मी घरात आले. आय पलंगावर उशांना टेकून बसलेली. मेघालीने तिला नऊवारी नेसवलेली, कपाळाला टिळा. तिला ठाऊक होतं आज काय आहे. ती माझ्याकडे बघत होती.

मी स्वयंपाकघरातून वरवंटा उचलला.

"दक्षता, काय करतेस तू?" भावेश ओरडला.

"डिश घे आणि चल."

गच्चीचं कुलूप तीन घावांत तुटलं. चौथा लागला असता तर मी मलाच मारलं असतं. भावेशने पाण्याच्या टाकीशेजारी डिशचे पाय ठेवले, वर चार विटा. वायर कठड्यावरून खाली सोडली, आमच्या बाल्कनीत मेघालीने ती पकडली आणि बॉक्सला लावली. आणि मग सुरू झालं ते. फोन स्पीकरवर. खाली मेघाली टीव्हीसमोर, वर आम्ही.

"आलं?"

"नाही."

"आता?"

"एक पट्टी भरलीय, दुसरी शून्य!"

मयूरने समजावलेलं की सिग्नलच्या पट्ट्या दोन असतात. एक ताकदीची, ती कशीही भरते, तिला भुलायचं नाही. दुसरी दर्जाची, ती आली तरच चित्र. भावेश डिश केसभर सरकवायचा, मी फोनला कान लावायचे. शून्य. शून्य. ऊन डोक्यावर आलेलं. अकरा वाजले. अकरा दहा. "वर कर थोडी. अरे वर म्हटलं मी, डावीकडे नाही!" नवऱ्याला इतकं मी उभ्या आयुष्यात बोलले नसेन. तो बिचारा डिश सरकवत राहिला. त्याच्या आईचं होतं ना सगळं.

अकरा अठराला सलिल सर आले, मागे वॉचमन.

"मॅडम, हे कुलूप तुम्ही तोडलंत? मी पोलिसांना बोलावणार."

"बोलवा. ते येईपर्यंत साडेबारा होतील. तोवर मी इथून हलणार नाही." मी डिशच्या पायावर जाऊन बसले. "दंड लावा, नोटीस लावा, लिफ्टमध्ये माझा फोटो लावा. पण आत्ता हात लावलात ना, सर, तर मी काय करेन माझं मला माहीत नाही." माझ्या मांडीवर वरवंटा होता. मी तो मुद्दाम धरला नव्हता, पण त्यांनी बघितला. ते दोन पावलं मागे गेले आणि मोबाइलवर माझा व्हिडिओ काढायला लागले. काढा म्हटलं, हे तरी एचडीत काढा.

"चाळीस!" फोनमधून मेघाली किंचाळली. "बाबा, हलू नका! पासष्ट! आई, आलं, चित्र आलं!"

अकरा सव्वीस. भावेशने नट आवळले, मी जिन्याने धावत खाली. पेन ड्राइव्ह लावला, लाल बटण दाबलं, कोपऱ्यात लाल ठिपका लागला. मी आयच्या पायाशी खाली बसले आणि तिचा डावा हात धरला. थंडगार होता.

कार्यक्रम सुरू झाला. आधी एक विहीर, एक बैलगाडी, बासरी. मग खडवलीचा मांडव, आणि त्यात माझी आय. काय चित्र होतं, हो! हनुवटीवरचं गोंदण, नाकातल्या नथीचा एकेक मोती, कपाळावरच्या आठ्या. ती आमच्या खोलीत समोर बसल्यासारखी. तिने डोळे मिटले, मान वर केली आणि सुरू केलं,

"मांडवा येस गो, पाटावं बस गो..."

तीन महिन्यांनी तो आवाज ऐकला. आता नाव येणार. आणि तेवढ्यात कुणीतरी गाण्याचा कान पिळावा तसा आवाज बारीक झाला, आणि वर एका पुरुषाचा घसा. कोणी अभ्यासक. "आगरी समाजातील ही मौखिक परंपरा आज लोप पावत चालली आहे. या गीतांमधून स्त्रीमनाचा आविष्कार..."

"अहो, गप्प बसा ना!" मी टीव्हीला ओरडले. "गप्प बसा, तिला बोलू दे!"

तो बोलत राहिला. आय गात होती, तिचे ओठ हलत होते, आणि आवाज त्या माणसाचा. तीन मिनिटं बोलला. लोप पावत चालली आहे म्हणे! तूच तर लोपवतोयस ना तिच्यावर बोलून! शेवटी आय पुन्हा ऐकू आली, "...बाय", एवढंच, आणि पुढे दुसरं गाव, तांदळाच्या भाकऱ्या, कार्यक्रम करणाऱ्यांची नावं, जाहिरात. संपलं.

मी रिमोट भिंतीवर फेकला. मग जमिनीवर बसून रडले, तोंडावर पदर न घेता, लहान पोरासारखी. कुलूप तोडलं, नवऱ्याला बोलले, सगळ्या टॉवरसमोर तमाशा केला, कशासाठी? एका शहाण्याचं भाषण साठवायला. भावेश वरून आला, माझ्याकडे बघून त्याला कळलं, तो दारातच बसला. आय रडली नाही. ती टीव्हीकडे बघत होती, आणि डावा हात पलंगावर आपटत होती. थाप. थाप. मला वाटलं, आता ही जाणार, हे बघून आजच जाणार.

मेघालीने रिमोट उचलला, त्याचे सेल परत घातले आणि रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.

"बंद कर गं," मी म्हटलं. "नको दाखवूस तिला."

"आई, थांब." तिने आवाज पूर्ण बंद केला. चित्र हळू केलं, एकेक फ्रेम पुढे सरकेल असं. आयचा चेहरा सगळ्या पडद्यावर. "आजीचे ओठ बघ."

मी डोळे पुसले.

"मांडवा येस गो, पाटावं बस गो. हे आपल्याला माहीत आहे. प्रत्येक नावाआधी हेच आहे. म्हणजे नाव कुठे येतं ते कळतं. बघ, पाटावं बस गो, आणि आता, हे. ओठ मिटले."

खरंच मिटले. स्पष्ट दिसलं, खालच्या ओठाची भेग सुद्धा. मिटले, उघडले, परत मिटले, आणि मग दात दिसले.

"ओठ मिटले म्हणजे प, ब नाहीतर म," मेघाली म्हणाली. "पामी?"

मी आयकडे वळले. "आय, पामी?"

आयने मान हलवली. नाही.

"मामी?... बामी? बामीबाय?"

आयच्या घशातून आवाज निघाला. मान वर, खाली. हो. हो. डोळ्यांतून पाणी गळ्यापर्यंत आलं. भावेश दारातून उठून पलंगापाशी आला. "आय, बामीबाय कोण गो?" ती काय सांगणार. पण होती कोणीतरी, आमच्या घरात नांदलेली, भात लावलेली. तिचं नाव आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

मेघालीच्या लग्नाच्या आहेर-यादीचा एक कागद पडलेला, त्याच्या पाठीमागे मी लिहिलं, बामीबाय. आणि मग आम्ही बसलो. न जेवता, न खाता. दुसरं नाव चटकन आलं, पोसूबाय, ओठांचा चंबू झाला ना म्हणून. तिसऱ्याने घाम काढला. ओठ मिटतच नव्हते, नुसती जीभ आणि दात. ताई, दाजी, ठकी, नाही, नाही, नाही. आय वैतागली की पलंग बडवायची. मी म्हटलं, "मार मला, पण सोडू नको." शेवटी ठमी निघालं. ठकी म्हणताना ओठ मिटत नाहीत आणि तिचे पुन्हा बघितले तर निसटते मिटलेले. वीस वेळा मागेपुढे केलं. साध्या चित्रात, अँटेनाच्या त्या चित्रात, हे दिसलंच नसतं, तिथे तोंड म्हणजे एक काळा ठिपका असता. चांगुणा. नामीबाय. हाशीबाय. एकेक नावाला आय मान डोलवायची, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण सुटत जायचा. मध्येच तिने तोंड उघडून दाखवलं. मेघालीने पेज भरवली तर गिळली. अख्खी वाटी.

शेवटचं नाव भावेशनेच ओळखलं, ओठ न बघता. सखुबाय. आयची स्वतःची सासू, त्याची आजी. चार वाजत आलेले. सात नावं. मी कागद छातीशी धरला आणि आयला म्हटलं, "झालं बघ. आता त्या दुसऱ्या धवलारणीला हा कागद देते. नाहीतर मीच म्हणते, कशीही म्हणते, हसू दे लोकांना. सगळ्या येतील मेघालीच्या मांडवात."

आयने माझं मनगट धरलं. त्या डाव्या हातात इतका जोर कुठून आला कोण जाणे. कागद तिने स्वतःकडे ओढला. सखुबाय लिहिलेलं, त्याच्या खाली बोट ठेवलं. कोरी जागा होती.

"अजून आहे? मेघाली, बघ गं, अजून एक आहे का?"

"नाही, आई. इथे संपतं."

आयने तेच बोट उचललं आणि आपल्या छातीवर टेकवलं. परत कागदावर, सखुबायच्या खाली. परत छातीवर.

मला कळलं. लगेच कळलं.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही. बारा दिवस आहेत फक्त. तू पाटावर बसणार आहेस मांडवात, जिवंत, मी बसवणार आहे तुला. असलं काहीतरी लिहायला सांगतेस? लाज नाही वाटत?" मी ओरडत होते, आणि भावेश खिडकीकडे तोंड करून उभा होता. "मी नाही लिहिणार. काही झालं तरी नाही."

तिने माझ्या हातातून पेन घेतलं. तिला लिहिता येत नाही, सही म्हणजे अंगठा. डाव्या मुठीत पेन धरून तिने सखुबायच्या खाली एक रेघ ओढली. वाकडी, कागद फाटेल इतकी दाबून. मग पेन सोडलं आणि मागे उशीला टेकली. कागद माझ्याकडे सरकवला. वाच.

"मांडव नाही घातलेला अजून," मी म्हटलं. "तूच म्हणतेस ना, मांडवाशिवाय नाही."

तिने मान हलवली. गाऊ नको. नुसतं वाच.

मी वाचलं. चाल नाही, काही नाही, रेशनच्या दुकानात नावं पुकारतात तसं. बामीबाय. पोसूबाय. ठमीबाय. चांगुणा. नामीबाय. हाशीबाय. सखुबाय. मग ती रेघ आली, मनुबायची. माझे ओठ मिटले आणि उघडेनात. आय उशीवरून टक लावून माझ्या ओठांकडे बघत होती.